सीमेपलीकडचे बंदर



प्रवासाला निघालेला मनुष्य सामान्यतः आपल्या घराजवळचे स्थानक, बंदर किंवा विमानतळ गाठतो. परंतु कधी कधी स्वदेशातले दार बंद असते, किंवा त्या दाराशी बसलेला रखवालदार नको तितके प्रश्न विचारतो. अशा वेळी प्रवासी शेजारच्या राज्याची हद्द ओलांडतो आणि तेथल्या दाराने जगात बाहेर पडतो. एप्रिल २०२१ मध्ये हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले. महासाथीमुळे आखाती देशांनी भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशांना मज्जाव केला होता. नोकरी टिकवावयाची तर कामावर हजर होणे भाग होते. तेव्हा हजारो भारतीय नेपाळात गेले. कोणी विमानाने गेले, कोणी सोनौलीसारख्या नाक्यावरून मोटारीने. तेथे काही दिवस काढावयाचे आणि काठमांडूहून आखाताचे विमान पकडावयाचे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. महिनाअखेरीस नेपाळनेही ती वाट बंद केली आणि पुष्कळजण अध्येमध्ये अडकून पडले.

ही काही तरी नवीनच तऱ्हा निघाली असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. वस्तुतः सीमा ओलांडून दुसऱ्याच्या दाराने परदेशी जाण्याची वाट आपल्या देशात फार जुनी आहे. तिचा एक ठळक माग दक्षिणेत कुंभकोणम्जवळ सापडतो, आणि गंमत अशी की, त्या सीमेच्या जन्माशी आपला मराठी माणसांचाही संबंध आहे.

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे मंदिरांचे गाव. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वात तेथील तळ्यावर लक्षावधी यात्रेकरू स्नानाला जमतात. हे गाव आपल्याला अगदी परके नाही. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला आपली गादी स्थापन केली. १७९९ नंतर त्या गादीकडे प्रांताचा कारभार राहिला नाही, तरी १८५५ पर्यंत भोसल्यांचे नाव तेथे टिकून होते. त्या दरबाराच्या आश्रयाने मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात पसरली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे ह्या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली ह्याच कुंभकोणम्मधल्या मराठी घरात झाला.

ह्या गावाच्या उत्तरेस कावेरी वाहते आणि दक्षिणेस तिचाच एक फाटा, अरसलार. ही अरसलार भातशेतांना पाणी देत देत पूर्वेकडे जाते आणि कारैकल येथे समुद्राला मिळते. कुंभकोणम्पासून कारैकलपर्यंतचे अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे आहे. मोटारीने सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला परत येऊ शकतो. परंतु दोनशे वर्षांहून अधिक काळ ह्या लहानशा वाटेवर दोन राज्यांची हद्द होती. नदीला तिची दखल घ्यावी लागत नव्हती. माणसाला मात्र घ्यावी लागे.

ही हद्द कशी निर्माण झाली, ते पाहण्यासारखे आहे. १७३८ साली तंजावरच्या गादीचा तंटा पेटला होता. त्या तंट्यात शहाजी नावाच्या राजाला द्रव्याची आणि मदतीची निकड होती. थोरले शहाजीराजे निराळे. हा त्यांच्या नंतरचा. त्याने पुदुच्चेरीच्या फ्रेंचांना कारैकल देऊ केले. गादी हाती येताच त्याने शब्द फिरवला. तेव्हा १७३९ साली चंदासाहेबाच्या साहाय्याने फ्रेंचांनी कारैकलचा ताबा घेतला. पुढे इंग्रज-फ्रेंच युद्धांत हे ठाणे कित्येकदा ह्या हातातून त्या हातात गेले. परंतु नेपोलियनच्या पाडावानंतर ते फ्रेंचांकडे परत आले आणि १९५४ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. चहूबाजूंनी इंग्रजांचा तंजावर जिल्हा, पूर्वेस समुद्र, आणि मध्ये सुमारे १६० चौरस किलोमीटरांचा फ्रेंच मुलूख! एका घरच्या भाऊबंदकीतून देऊ केलेल्या जमिनीची ही सीमा. तिच्यावरून पुढे किती माणसे कोणत्या समुद्रापार जाणार आहेत, ह्याची त्या राजाला कल्पना असणे शक्यच नव्हते.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त कुंभकोणम्ला गेलो असता तेथील एका मराठी घरात जाण्याचा योग आला. घरातील वयोवृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांच्या मराठीला तामिळचा हेल होता, आणि आपल्याकडून केव्हाच हद्दपार झालेले काही जुने शब्द तीत सुखाने नांदत होते. मी म्हटले, "काका, कारैकल इथून अगदी जवळच की." त्यावर ते हसून म्हणाले, "तुम्हांस जवळ. माझ्या आईस तो परमुलूख." लहानपणी पेरळमहून कारैकलला जाणाऱ्या आगगाडीत बसल्याचे त्यांना आठवत होते. १८९८ साली सुरू झालेल्या त्या गाडीत हद्दीवर सामान तपासले जाई आणि मोठी माणसे तेवढा वेळ गप्प बसत, हे त्यांच्या बालमनावर ठसले होते. साधी दोन घटकांची गोष्ट. पण राज्य ही वस्तू मुलाला प्रथम कळते ती अशा ठिकाणी.

हे झाले विसाव्या शतकातले. ह्या हद्दीची खरी कहाणी त्याआधी शंभर वर्षे घडून गेली होती. इंग्रजी साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. ठरावीक वर्षांचा करार लिहून मजूर मॉरिशसला जाऊ लागले. ह्या करारालाच पुढे आपल्या लोकांनी 'गिरमिट' असे नाव दिले. मजुरांना फसवून नेतात, त्यांचे हाल होतात, असा बोभाटा झाल्यावर १८३९ साली मजुरांनी असे समुद्रापार जाण्यालाच बंदी करण्यात आली. १८४२ मध्ये ती मॉरिशसपुरती आणि १८४४ मध्ये वेस्ट इंडीजमधील काही इंग्रजी वसाहतींपुरती उठली. यापुढे जाणे होते ते ठरवून दिलेल्या बंदरांतून, ठरवून दिलेल्या वसाहतींना आणि सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.

इतक्यात १८४८ साली फ्रान्सनेही आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. रेयुनियन, मार्टिनिक, ग्वाडेलूप ह्या बेटांतील मळेवाल्यांपुढे तोच प्रश्न उभा राहिला. इंग्रजी मुलखातून फ्रेंच वसाहतींना मजूर नेण्याची परवानगी नव्हती. परंतु कारैकल फ्रेंचांचे होते, आणि कारैकलच्या भोवती तंजावर जिल्हा होता. तेथल्या भातशेतीवर राबणारा 'पण्णैयाळ' हा भूमिहीन मजूर पिढ्यान्‌पिढ्या कर्जाने मालकाशी बांधलेला होता. त्याला परदेशाचे स्वप्न दाखविणे कठीण नव्हते.

मग मुकादमांचा धंदा सुरू झाला. दर माणसामागे दलाली ठरलेली. जत्रेत, बाजारात, दुष्काळात घर सोडून निघालेल्यांच्या तांड्यात मुकादम हिंडे. हातावर उचल ठेवी. जवळच्याच कुठल्या तरी गावी चांगले काम आहे म्हणून सांगे. टोळी जमली की तिला हद्दीपलीकडे न्यावयाचे, एवढेच काम उरे. त्यांत काही जण उघड उघड पळवून नेलेले असत. एकदा कारैकलच्या डेपोत मनुष्य पोहोचला की तंजावरच्या कलेक्टराचा शिपाई त्याच्या केसालाही हात लावू शकत नसे. नातेवाईक शोधीत आले, तर ते शेताच्या बांधापर्यंत येत; बांधापलीकडे दुसऱ्याचे राज्य होते.

परंतु येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सीमेपलीकडे गेलेला प्रत्येकजण फसूनच गेला असे नाही. जो जन्मभर मालकाच्या कर्जात बुडालेला आहे, त्याला ती सीमा सुटकेची रेषाही वाटली असेल. मालकाचा माणूसही त्या रेषेपलीकडे पाठलाग करू शकत नव्हता. इंग्रजी मुलखातील वतनदारांनी आणि अधिकाऱ्यांनी ह्या पळापळीविरुद्ध ओरड केली, ती सगळीच मजुरांच्या दयेपोटी होती असे समजण्याचे कारण नाही. शेतावरचे हात कमी होतात ही चिंताही तीत मिसळलेली होती. सीमेचा स्वभावच दुहेरी असतो. ती ओलांडणारा आपल्या जाचातून सुटतो, आणि त्याच पावलाने आपल्या रक्षकालाही मुकतो.

१८५३ च्या मे महिन्यात 'ऑरेली' नावाचे जहाज भारतीय मजुरांना घेऊन मार्टिनिकला पोहोचले. पुढच्या वर्षी, १८५४ च्या डिसेंबरात, त्याच नावाच्या जहाजाने ग्वाडेलूपला पहिली तुकडी उतरविली. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिक महासागर ओलांडणारा हा काही महिन्यांचा प्रवास होता. कावेरीच्या पाण्यावर वाढलेली माणसे अमेरिकेच्या दारात जाऊन पोहोचली. ह्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत ग्वाडेलूपला सुमारे ४२ हजार आणि मार्टिनिकला सुमारे २५ हजार भारतीय गेले. रेयुनियनला गेलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी होती. हे सर्व कारैकलहून गेले असे नव्हे. पुदुच्चेरीहून आणि इतर बंदरांतूनही गेले. परंतु कारैकल हे त्या वाटेवरचे एक मुख्य दार होते.

इंग्रज सरकारला अखेरीस कळून चुकले की, बंदीमुळे जाणारे थांबत नाहीत, ते फक्त दृष्टीआड होतात. १८६० मध्ये रेयुनियनसाठी आणि १ जुलै १८६१ रोजी इतर फ्रेंच वसाहतींसाठी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये करार झाला. आता फ्रेंचांच्या प्रतिनिधींना इंग्रजी मुलखात उघडपणे मजूर भरती करण्याची मुभा मिळाली. त्याबदल्यात त्या भरतीवर इंग्रज अधिकाऱ्याची नजर आली. जाणारा राजीखुशीने जातो आहे ना आणि कराराचा अर्थ त्याला समजला आहे ना, हे पाहण्याची व्यवस्था झाली. आणि वसाहतींत मजुरांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी इंग्रज वकिलाला जागा मिळाली. कागदावर ही व्यवस्था चांगली होती. प्रत्यक्षात तिच्यात उणिवा राहिल्या. रेयुनियनमधील मजुरांच्या हालांची चौकशी करण्यासाठी १८७७ मध्ये दोन्ही देशांचे संयुक्त मंडळ गेले, आणि १८८२ मध्ये तेथे मजूर पाठविणे थांबविण्यात आले. परंतु चौकशी होऊ शकली, वाट बंद करता आली, ह्याचे कारण ती वाट १८६१ नंतर उजेडात होती. रात्रीच्या अंधारात बांध ओलांडून गेलेल्यांसाठी कोणते मंडळ जाणार होते?

मी स्वतः शासकीय सेवेत आहे. अर्ज, शिक्के आणि दाखले यांच्या सहवासात माझे दिवस जातात. म्हणून ह्या इतिहासातील एक प्रश्न मला विशेष जवळचा वाटतो. तो असा : एका राज्यातला मनुष्य, दुसऱ्या राज्याच्या बंदरातून, त्या दुसऱ्या राज्याच्या वसाहतीत गेला, आता तो कोणाचा?

हा प्रश्न ग्वाडेलूपमध्ये खरोखरच उपस्थित झाला. आंरी सिदांबरोम हे १८६३ साली त्या बेटावर जन्मलेले भारतीय वंशाचे गृहस्थ. त्यांच्या आडनावातले चिदंबरम आपल्या कानांना चटकन ओळखू येते. त्या बेटावर जन्मलेल्या भारतीयांच्या मुलांची नावे मतदारयादीत घालावीत, अशी मागणी त्यांनी १९०४ साली केली. वसाहतीच्या सरकारने हरकत घेतली. ही माणसे इंग्रजांची प्रजा, त्यांना फ्रेंच नागरिकाचे हक्क कसे मिळणार, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे ऊस तोडण्यासाठी जे फ्रेंचांचे होते, ते मत देण्याच्या वेळी इंग्रजांचे झाले! सिदांबरोम यांनी हा लढा नेटाने चालविला. १९२३ साली त्यांची बाजू मान्य झाली. पहिल्या 'ऑरेली'नंतर सत्तर वर्षांनी, तिसऱ्या पिढीच्या काळात, त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पन्नास-साठ किलोमीटरांच्या वाटेने सीमा ओलांडावयास एक रात्र पुरली होती. तिचा कागदोपत्री निकाल लागण्यास सत्तर वर्षे लागली.

ह्याच्या उलट चित्रही त्याच किनाऱ्यावर दिसते. सीमेचा अर्थ ज्यांना ठाऊक होता, त्यांना ती सोयीची ठरली. तामिळ कवी सुब्रह्मण्य भारती १९०८ मध्ये अटक टाळण्यासाठी पुदुच्चेरीत गेले. दहा वर्षे इंग्रजांना त्यांना हात लावता आला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते हद्द ओलांडून परतले आणि कडलूरजवळ त्यांना अटक झाली. कारैकल व पुदुच्चेरी येथील ज्या रहिवाशांनी १८८१ च्या फरमानानुसार वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा पत्करला, त्यांना फ्रेंच राज्यातील नोकऱ्यांची कवाडे खुली झाली. सायगावपर्यंत त्यांची माणसे पसरली. फ्रेंच निवृत्तिवेतन घेणारी कुटुंबे त्या भागात आजही आढळतात. एकच सीमा, एकच समुद्र. एकजण हातातला कागद वाचून गेला, आणि दुसऱ्याने न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविला. दोघांच्या नशिबातील अंतर त्या एका गोष्टीत साठविलेले आहे.

गिरमिटाची पद्धती समूळ रद्द करावी, असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारी सभासदांच्या मतांपुढे तो टिकला नाही. परंतु त्याने देशाचे मन तयार केले, आणि १९१७ मध्ये ही भरती बंद करणे सरकारला भाग पडले. आपल्या मराठी वाचकांना गोखल्यांचे अर्थसंकल्पावरील भाषण आठवते. हे भाषण तितके आठवत नाही. जे मजूर त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि ज्यांची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांच्यासाठी ते त्या दिवशी उभे राहिले होते.

१९५४ च्या १ नोव्हेंबरला कारैकलचा कारभार भारताकडे आला. १६ ऑगस्ट १९६२ रोजी ते कायदेशीर रीत्याही भारतात विलीन झाले. आज कारैकल हा पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचा एक जिल्हा आहे. कुंभकोणम्च्या तरुणाला सिंगापूर, क्वालालंपूर किंवा आखात गाठावयाचे, तर शंभर किलोमीटरांच्या आत तिरुचिरापल्लीचा विमानतळ आहे. दार घराजवळ आले. मग सीमेपलीकडच्या बंदराची गोष्ट संपली म्हणावयाची काय?

दुर्दैवाने तसे नाही. २०१२ साली नेपाळने तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास बंदी केली. हेतू रक्षणाचा होता. परंतु त्यांतील अनेक जणी मोकळ्या सीमेवरून भारतात आल्या आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून गेल्या. बंदीच्या आधी त्यांच्या जाण्याची निदान नोंद होत होती. नंतर ती नोंदही होईनाशी झाली. ह्या कहाणीत कारैकलच्या जागी आपण आलो आहो, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडेही १९८३ च्या कायद्याने कमी शिकलेल्या मजुराला काही ठरावीक देशांत कामासाठी जाताना परवानगी घेण्याची पद्धत घातली. ती त्याच्या रक्षणासाठीच घातली. तरीही दलालाच्या सल्ल्याने पर्यटक म्हणून व्हिसा काढून जाणारे आहेतच. अशा माणसाचा पगार बुडाला, पासपोर्ट मालकाने काढून घेतला, तर आपल्या वकिलातीच्या वहीत त्याचे नावच नसते.

नियम नसावेत असे मी म्हणणार नाही. नियमांवाचून काय घडते हे कारैकलच्या डेपोने दाखविले आहे. परंतु केवळ बंदी घालून समाधान मानणारा कारभार पोटासाठी निघालेल्या माणसाला दुसऱ्याच्या दाराकडे ढकलतो. म्हणून दोन गोष्टी आवश्यक आहेत. एक, आपले स्वतःचे दार असे असावे की प्रामाणिक मनुष्याला ते सोडून दुसरीकडे जाण्याचा मोह होऊ नये. तेथला अर्ज सोपा असावा, वेळ थोडा लागावा, आणि हात ओले करावे लागू नयेत. दुसरी, जाणाऱ्याला त्याच्या हातातल्या कागदाचा अर्थ त्याच्या मातृभाषेत समजावून सांगितला जावा. पगार किती, किती वर्षांसाठी, परतीचे भाडे कोणाकडे, आणि अडचण आली तर कोणाचे दार ठोठवावयाचे, एवढ्या चार गोष्टी त्याला पाठ असल्या पाहिजेत. हे काम मोठ्या मंत्रालयात होत नाही. ते खिडकीमागे बसलेल्या साध्या कारकुनाच्या हातून होते.

१८६१ च्या करारात हाच प्रश्न होता : जाणाऱ्याला समजले आहे काय? तो कागदावर विचारला गेला, आणि पुष्कळदा घाईघाईत उरकला गेला. आपल्यापैकी कोणाच्या गावातून कोणी तरुण परदेशी कामाला निघाला असेल, तर त्याला निरोप देण्यापूर्वी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसून तो कागद वाचून दाखवावा. सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे. पण एवढे शेजाऱ्यालाही करता येण्यासारखे आहे.